अर्ज लिहून देणारे यंत्र: तहसील कचेरीसमोरच्या टेबलावरचे एक वर्ष

तहसील कचेरीच्या फाटकासमोर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडखाली माझे टेबल आहे आणि त्या टेबलावर मी गेली सत्तावीस वर्षे लोकांचे अर्ज लिहून देतो. माझ्याआधी त्याच जागी वडील बसत आणि त्यांच्यापुढे गोदरेजचे मराठी टंकलेखन यंत्र असे. मागच्या दिवाळीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा एक संवाद-सहायक, म्हणजे लोक ज्याला सरसकट ‘एआय’ म्हणतात तो, मी या टेबलावर रोज वापरतो आहे. पहिले काही महिने फुकटची आवृत्ती वापरली आणि नंतर महिन्याला चारशे रुपयांच्या आसपास वर्गणी भरून पुढची घेतली. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुतण्याच्या फोनवर असलेल्या दुसऱ्या दोन सेवाही मी अधूनमधून तपासून पाहिल्या आणि ज्या गोष्टींविषयी येथे लिहायचे आहे त्या तिन्हींत कमी-अधिक प्रमाणात सारख्याच आढळल्या.

अशा सेवांची परीक्षणे पुष्कळ वाचायला मिळतात, पण ती बहुतेक संगणकाच्या व्यवसायातल्या मंडळींनी लिहिलेली असतात. यंत्राकडून त्यांना हवे असते ते इंग्रजी ईमेल, सहलीचे वेळापत्रक किंवा संगणकाचा कोड. माझ्या टेबलाशी येणाऱ्या माणसाला वारस नोंद हवी असते, सातबाऱ्यावरचा फेडलेल्या कर्जाचा बोजा उतरवायचा असतो, माहितीच्या अधिकारात काहीतरी विचारायचे असते, नाहीतर बँकेची इंग्रजी नोटीस कोणीतरी वाचून दाखवावी एवढीच त्याची अपेक्षा असते. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे समाज बदलणार असे जे म्हटले जाते, ते आमच्या तालुक्यात खरे होणार असेल तर याच कागदांवर आधी दिसेल, म्हणून हे परीक्षण त्या कागदांपुरते आहे.

यंत्र चालते कसे, हे थोडक्यात सांगतो, कारण त्याचे गुण आणि दोष दोन्ही तिथूनच येतात. २०१७ साली गुगलच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाच्या रचनेवर ही यंत्रे उभी आहेत आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यावर ती घराघरांत पोहोचली. अफाट मजकूर वाचून झाल्यामुळे आतापर्यंत आलेल्या शब्दांपुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज त्यांना असतो आणि त्याच अंदाजाने ती पुढे लिहीत जातात. हजारो अर्ज नकलून हाताला वळण पडलेला एखादा उमेदवार कारकून डोळ्यांपुढे आणावा. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ एवढे लिहिले की पुढची ओळ त्याच्या हातातून आपोआप उतरते, मग त्या ओळीतली गोष्ट पक्षकाराने सांगितलेली असो वा नसो.

भाषेविषयी आधी सांगतो, कारण माझे पोट भाषेवर आहे. शुद्धलेखनात हे यंत्र आमच्या बाजारपेठेतल्या बहुतेक डीटीपी ऑपरेटरांपेक्षा बरे आहे, हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही. ऱ्हस्व-दीर्घ नीट, अनुस्वार जागच्या जागी, ‘मौजे’ गावाच्या नावाआधी आणि ‘कै.’ मयताच्या नावाआधी. पण मोकळे सोडले की ते लाघवी होते. वीजबिल जास्त आल्याच्या तक्रारीत त्याने ‘मी अत्यंत व्यथित अंतःकरणाने आपले लक्ष वेधू इच्छितो’ असे लिहिले आणि शेवटी ‘आपल्या सकारात्मक प्रतिसादाची मनःपूर्वक अपेक्षा आहे’ अशी जोड दिली. कचेरीत असे कोणी लिहीत नाही, आणि लिहिले तर वाचणारा कारकून पहिल्या ओळीलाच हसतो. दोन जुने अर्ज नावे खोडून नमुन्यादाखल दाखवले आणि ‘कचेरीच्या वळणाने लिही’ असे सांगितले, तेव्हा मात्र तिसऱ्या खेपेला ‘सबब, विनंती की’ या शब्दांनी सुरू होणारा परिच्छेद इतका नेमका आला की वडिलांच्या हातचाच वाटला. वळण उचलण्याची ही ताकद विलक्षण आहे आणि तिला मी पैकीच्या पैकी गुण देतो.

बोलून मजकूर भरण्याची सोय आहे, पण ती शहरी मराठीला जुळते. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचे ‘न्हाई’ आणि ‘व्हय’ तिला बऱ्यापैकी कळतात, मात्र ‘नवरा मयत झाला’ हे वाक्य तिने दोन वेळा ‘नवरा मदत झाला’ असे उतरवले. पक्षकार बाई समोर बसलेली असल्यामुळे हसताही येईना. फोटोवरून कागद वाचण्याची सोय छापील मजकुरासाठी चांगली आहे. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर मात्र तिचा भरवसा धरू नये. जुन्या तलाठ्यांच्या बोरूच्या हातात देवनागरी १ आणि ९ यांच्यात एका वळशाचाच फरक असतो, आणि यंत्राने गट नंबर २१९ हा बेधडक २११ वाचला. माणूस अशा ठिकाणी थांबतो, कागद उन्हाकडे धरतो, ‘हा एक की नऊ?’ म्हणून शेजाऱ्याला दाखवतो. यंत्राने तसे काही केले नाही आणि शंका आल्याची खूणही कोठे ठेवली नाही. क्षेत्राचे हिशेब मात्र ते बिनचूक करते. हेक्टर-आरचे एकर-गुंठे करताना मी अजून बोटे मोजतो, त्याचे उत्तर तोवर आलेले असते.

माहिती अधिकाराच्या अर्जात त्याची पहिली ठळक चूक सापडली. गावच्या रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागायची होती. यंत्राने चारशे शब्दांचा, कलमांची रेलचेल असलेला आणि पारदर्शकतेवर छोटेसे भाषण करणारा अर्ज तयार केला, आणि दहा रुपयांचे शुल्क पोस्टल ऑर्डरने भरावे असेही सुचवले. २००५ चा कायदा सबंध देशाचा असला तरी शुल्काचे आणि नमुन्याचे नियम राज्याराज्यांचे आहेत. आपल्याकडे जोडपत्र ‘अ’ चा नमुना आहे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावण्याची रीत आहे, आणि २०१२ साली महाराष्ट्राच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार अर्ज एकाच विषयाचा व साधारणपणे दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. चारशे शब्दांचा अर्ज म्हणजे नाकारण्याचे कारण आपल्याच हाताने पुरवणे. नियम सांगितल्यावर यंत्राने एकशे बत्तीस शब्दांत उत्तम अर्ज करून दिला. पण नियम मला ठाऊक होता म्हणून मी तो सांगू शकलो. घरी बसून फोनवर अर्ज करणाऱ्या माणसाला ही दुरुस्ती कोण सांगणार?

पहिल्या अपिलाच्या मसुद्यात तर त्याने उच्च न्यायालयाच्या एका निकालाचा दाखला वर्षासकट दिला. निकाल आमच्या बाजूचा होता, भाषा भारदस्त होती. ओळखीच्या वकिलांकडून शोध घेतला, तर त्या नावाचा निकाल कोठेही मिळाला नाही. हा प्रकार जगाला नवा नाही. २०२३ साली न्यूयॉर्कच्या केंद्रीय न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले सहा निकाल सादर केले होते आणि न्यायाधीशांनी त्यांना पाच हजार डॉलरचा दंड ठोठावला होता. तेथे समोर तपासणारा पक्ष होता आणि निकाल शोधून न सापडल्याचे सांगणारे वकील होते. आमच्या तालुक्यात अर्जदाराने चुकीचा दाखला दिला तर त्याला कोणी दंड करत नाही. अर्ज फेटाळला जातो, आणि तो कशामुळे फेटाळला गेला हे त्याला बहुधा कळतही नाही.

आता ज्या प्रकरणामुळे हे परीक्षण लिहायला घेतले ते सांगतो. उन्हाळ्यात एक मावशी आल्या. पतीच्या मृत्यूला दोन महिने झाले होते आणि पतीने स्वतः खरेदी केलेली दोन एकर जमीन वारसांच्या नावे लावायची होती. वारस नोंदीची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, त्यामुळे घाई होती. त्यांनी सांगितले ते मी जसेच्या तसे यंत्रात भरले: एक मुलगा, लग्न झालेल्या दोन मुली, सासू-सासरे दोघेही हयात, आणि “मुलींना काय द्यायचं न्हाई, असं दीर म्हंतो.” अर्ध्या मिनिटात अर्ज तयार झाला. तो सुबक होता, परिच्छेद पाडलेले होते, चतुःसीमेसाठी जागा सोडलेली होती. आमच्या धंद्यात अर्ज पूर्ण झाल्यावर तो पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवण्याची शिस्त आहे, कारण खाली ‘वाचून दाखवला, समजला’ असे लिहून अंगठा घ्यायचा असतो. मी वाचत गेलो. ‘विवाहित मुलींची या नोंदीस कोणतीही हरकत नसून सर्व वारसांची संमती आहे,’ या ओळीवर मावशींनी हात वर केला.

“दादा, आसं मी कवा म्हणले?”

त्या तसे म्हणाल्याच नव्हत्या. दीर काय म्हणतो एवढेच त्यांनी सांगितले होते, आणि यंत्राने दिराची इच्छा मुलींच्या तोंडी संमती म्हणून घातली होती. वारसांच्या यादीतही घोळ होता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मयताची आई पहिल्या वर्गातली वारस आहे आणि वडील दुसऱ्या वर्गात येतात; हे या फाटकासमोर बसणाऱ्या कोणालाही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. यंत्राने सासऱ्यांना यादीत घेतले होते आणि सासूबाईंना वगळले होते. चूक दाखवताच त्याने क्षमा मागितली, कायद्याचे कलम उद्धृत केले आणि दुरुस्त यादी दिली. मग मी त्याची परीक्षा घ्यावी म्हणून उलट दटावले की माझेच चुकले, वडीलच पहिल्या वर्गात येतात. तेव्हा त्याने पुन्हा क्षमा मागून सासऱ्यांना आत घेतले. फुकटच्या आवृत्तीतला हा अनुभव आहे. वर्गणीच्या आवृत्तीत हाच डाव खेळलो तेव्हा ते आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले, एवढे श्रेय तिला दिले पाहिजे. पण माझ्याकडे येणारी माणसे आणि त्यांची मुले फुकटचीच आवृत्ती वापरतात.

या एका ओळीत मला या यंत्राचा स्वभाव दिसला. त्याला रिकामी जागा सहन होत नाही. बहुतेक वारस अर्जांत ‘सर्व वारसांची संमती आहे’ हे वाक्य येते, म्हणून ते येथेही आले. माझ्या धंद्यात मात्र निम्मे काम रिकाम्या जागा ओळखण्याचे आहे. पक्षकार काय सांगतो आहे, काय टाळतो आहे, मागे उभा असलेला दीर बोलत असताना बाई खाली का पाहते, हे पाहून मी लेखणी थांबवतो आणि दिराला म्हणतो, ‘पाहुणे, तेवढे दोन झेरॉक्स काढून आणा.’ तो गेल्यावर बाई जे सांगते त्यावर अर्ज उभा राहतो. मावशींच्या अर्जात शेवटी सासूबाई आणि दोन्ही मुलींसह सर्व वारसांची नावे गेली. हक्कसोड करायची की नाही हा पुढचा आणि त्या मुलींचा प्रश्न आहे, त्यासाठी वेगळा दस्त लागतो, आणि तो मी त्या दिवशी होऊ दिला नाही.

याउलट एका प्रकरणात यंत्राने मला मागे टाकले. गावातल्या एका पोल्ट्रीवाल्या तरुणाला बँकेची सहा पानी इंग्रजी नोटीस आली होती. पूर्वी अशी नोटीस आली की मी ‘वकिलाकडे जा’ एवढेच सांगत असे, कारण माझे इंग्रजी पावतीपुरते आहे. नाव-पत्ता झाकून फोटो काढला आणि यंत्राला मराठीत समजावून सांगायला लावले. ही २००२ च्या सरफेसी कायद्याच्या, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) ची नोटीस आहे, साठ दिवसांत रक्कम भरायची आहे, दरम्यान लेखी आक्षेप घेता येतो आणि बँकेला त्याचे उत्तर पंधरा दिवसांत द्यावे लागते, हे त्याने स्वच्छ मांडले. तारण जमीन शेतजमीन असेल तर हा कायदा तिला लागू होत नाही, म्हणून जमीन अकृषिक झाली आहे का ते आधी पाहावे, हेही त्यानेच सुचवले. वकिलांनी दुसऱ्या दिवशी नेमका तोच प्रश्न पहिल्यांदा विचारला. तो तरुण वकिलाच्या खोलीत शिरताना घाबरलेला नव्हता, काय विचारायचे ते त्याच्याकडे कागदावर लिहिलेले होते. परक्या भाषेतला कागद स्वतःच्या भाषेत समजणे ही आमच्याकडच्या माणसासाठी किती मोठी गोष्ट आहे, हे त्या दिवशी पाहिले. सर्वोच्च न्यायालय २०१९ पासून निकालांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ ही प्रणाली वापरते आणि केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘भाषिणी’ सुरू केली, ती याच दिशेची कामे आहेत. यंत्राने लिहून दिलेल्या कागदापेक्षा यंत्राने वाचून दाखवलेला कागद मला जास्त मोलाचा वाटतो, आणि वर्गणीचे पैसे त्यातच वसूल झाले.

गोपनीयतेबद्दल सांगायचे तर लोकांना तिची काळजी नाही आणि आम्हालाही फारशी नव्हती. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, मृत्यूचा दाखला, सगळे आमच्या टेबलावर उघडे पडलेले असते. पण टेबलावरचा कागद संध्याकाळी पक्षकाराबरोबर घरी जातो, फोनमधून गेलेला कोठे जातो हे मी त्याला सांगू शकत नाही. व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, तरी आमच्या शेडखाली त्याचा उच्चार अजून कोणी केलेला ऐकला नाही. मी माझ्यापुरता नियम केला आहे: आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि खरी नावे यंत्रात भरायची नाहीत, ‘अर्जदार क्रमांक एक’, ‘मयत’, ‘मौजे अमुक’ असे लिहायचे आणि नावे शेवटी हाताने घालायची. यात पाच मिनिटे जास्त जातात. शेजारच्या टेबलावर नव्याने बसलेला मुलगा सगळे कागद थेट फोटो काढून चढवतो आणि त्याच्यापुढे रांग माझ्यापेक्षा मोठी असते.

धंद्यावर परिणाम झाला का, असे सगळे विचारतात. झाला. रजेचा अर्ज, बँकेत मोबाइल नंबर बदलण्याचा अर्ज, ग्रामपंचायतीला दिव्याच्या खांबाविषयीचे पत्र, असली पन्नास रुपयांची कामे जवळजवळ संपली. ती घरातली बारावी झालेली मुलगी फोनवर करते आणि माझ्या मते ते योग्यच आहे. बापाने पन्नास रुपयांसाठी आणि अर्ध्या दिवसाच्या रोजंदारीसाठी तालुक्याला का यावे? अडचण दुसरीकडे आहे. माझ्याकडे शिकायला येणारा उमेदवार याच साध्या अर्जांवर तयार होत असे. मी स्वतः पहिले वर्षभर वडिलांशेजारी बसून रजेचे अर्ज नकलत होतो आणि त्यांची पक्षकाराशी चाललेली बोलणी कानावर पडत होती. सध्याचा उमेदवार हुशार आहे, यंत्रापुढे विषय टाकून दहा मिनिटांत पाच मसुदे काढतो, पण पक्षकाराला उलट प्रश्न विचारायचा असतो हे त्याला अजून सुचत नाही, कारण यंत्र त्याला तसा प्रश्न विचारत नाही. मी एक वाक्य आता प्रत्येक वेळी आधी टाकतो: ‘लिहिण्यापूर्वी तुला जे माहीत नाही ते मला विचार.’ असे सांगितले की यंत्र खरोखरच विचारते, आणि प्रश्न चांगले असतात. सासूबाई हयात आहेत का, हा प्रश्न त्याने नंतरच्या एका प्रकरणात आपणहून विचारला. ही सोय मुळातच चालू असायला हवी होती.

समाजाचा प्रश्न मला कचेरीच्या आत दिसतो. अर्ज लिहिणे फुकट झाल्यावर अर्ज वाढले आणि लांबले. पूर्वी एका पानाचा असे तो आता तीन पानांचा असतो, त्यात कलमे असतात, आणि टपाल घेणाऱ्या कारकुनाच्या म्हणण्याप्रमाणे दहातल्या सहांची सुरुवात एकाच वाक्याने होते. कारकून वाढलेले नाहीत. मग वाचायलाही यंत्र लागणार, आणि ते लागले आहेच. केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलसाठी आयआयटी कानपूरने तयार केलेली, तक्रारींची छाननी करणारी प्रणाली २०२३ पासून वापरात आहे. एवढ्या तक्रारी माणसांनी वाचणे शक्य नाही हे मला कळते. पण नेदरलँड्समध्ये काय झाले तेही वाचलेले आहे. तेथे बालसंगोपनाच्या अनुदानात लबाडी कोण करत असेल हे ठरवायला करखात्याने आपोआप शिकणारी प्रणाली वापरली, डच नागरिकत्व नसणे हा त्यात संशयाचा एक निकष झाला, हजारो पालकांवर खोटा ठपका येऊन त्यांच्याकडून पैसे परत मागितले गेले, आणि अखेर जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. त्या पालकांनीही अर्ज केले होते, खुलासे पाठवले होते. ते सुशिक्षित देशातले, लिहिता-वाचता येणारे लोक होते.

हे यंत्र कोणी घ्यावे, असे मला टेबलाशी येणारे विचारतात तेव्हा मी माणूस पाहून उत्तर देतो. ज्याला कचेरीची रीत ठाऊक आहे आणि केवळ लिहिण्याचा कंटाळा आहे त्याने फुकटची आवृत्ती जरूर वापरावी. इंग्रजी कागद अडला असेल तर वर्गणीची घ्यावी, आणि मगच वकिलाकडे जावे. जमीन, वारस, हक्कसोड, मुखत्यारपत्र यांपैकी काही असेल तर यंत्राचा मसुदा घेऊन खुशाल यावे, पण घरातल्या एकाच माणसाने फोनवर सांगून केलेल्या अर्जावर दुसऱ्याने अंगठा देऊ नये. आणि उत्तर कितीही ठामपणे आले तरी तारीख, कलम आणि निकाल यांची खातरजमा केल्याशिवाय कागदावर शिक्का घेऊ नये.

मावशींचे प्रकरण अजून संपलेले नव्हते. अर्ज दिला, पोचपावती घेतली. फेरफाराची नोटीस निघते तेव्हा हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, आणि मावशींना लिहिता-वाचता येत नसल्यामुळे मी अर्जाच्या शेवटी एक वाक्य घातले होते: ‘अर्जदार निरक्षर असल्याने या प्रकरणातील प्रत्येक नोटीस त्यांना समक्ष वाचून दाखवण्यात यावी.’ दिराने परस्पर नोटीस घेऊन ठेवू नये, हा त्यामागचा हेतू होता. आठवड्याने चौकशीला गेलो तेव्हा टपालाच्या टेबलावरच्या तरुण कारकुनाने आपुलकीने स्वतःचा फोन पुढे केला. अर्ज वाढल्यामुळे तो आता प्रत्येकाचा फोटो काढून यंत्राकडून दोन ओळींचा सारांश करून घेतो आणि साहेबांपुढे तोच ठेवतो. माझ्या अर्जाचा सारांश बरोबर होता. मयताचे नाव, गट नंबर, क्षेत्र, पाचही वारस, सगळे होते. शेवटचे वाक्य तेवढे नव्हते.

मी मूळ अर्ज काढायला लावून त्या वाक्याखाली लाल रेघ ओढून घेतली. तेव्हापासून ते वाक्य मी अर्जाच्या शेवटी लिहीत नाही, ‘विषय’ या शब्दापुढेच लिहितो.